पेटी तीनदा ओरडली

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला समजूतदार वगैरे ठरवायला नको. रोह्याजवळ वरसे गावात आम्ही राहतो त्या बिल्डिंगमधल्या एका बाईशी पाण्याच्या टाकीवरून माझं वाजलं, त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. तिच्या घरच्या हळदीकुंकवाला मात्र न चुकता जाते, कारण मला दारात बघून तिचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं असतं.

पण हे सगळं किरकोळ. माझा खरा राग एका माणसावर होता, आणि तो मी अकरा वर्षं सांभाळला. त्या माणसाच्या तोंडून मला एक वाक्य हवं होतं. ते मला का हवं होतं आणि कसं मिळालं, ते सांगते.

आज मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. गॅस गळला, टाकी तापली, दाब वाढला की कंट्रोल रूममध्ये जे दिवे लागतात आणि आवाज होतात, ते चालू ठेवणं हे माझं काम. ऑपरेटर लोक मला पाठीमागे भोंगाबाई म्हणतात. मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. त्याआधी मात्र मी मुंबईत विमानतळावर होते आणि विमानातल्या अशाच यंत्रांची देखभाल करत होते.

वैमानिकांच्या पायांखाली, विमानाच्या पोटात एक खोली असते. माणसाला धड उभंही राहता येत नाही एवढी. तिथे फळ्यांवर ओळीने करड्या रंगाच्या पेट्या बसवलेल्या असतात. त्यातली एक पेटी माझी लाडकी होती. तिचं काम एकच, जमीन जवळ आली की ओरडायचं. विमान जमिनीपासून किती उंच आहे, किती वेगाने खाली चाललं आहे, चाकं बाहेर आली आहेत की नाही, हे सगळं तिला कळत असतं आणि जगभरच्या डोंगरांचा नकाशा तिच्याजवळ असतो. फार वेगाने खाली चाललात तर ती म्हणते, सिंक रेट. पुढे डोंगर असेल तर म्हणते, टेरेन, टेरेन. आणि अगदी गळ्याशी आलं की म्हणते, पुल अप. म्हणजे वर घ्या. ढगात असताना हा शेवटचा शब्द कानावर पडला की वैमानिकाने वाद घालायचा नसतो. आधी वर घ्यायचं, चौकशी मागाहून करायची.

हा नियम वर्गात शिकवला तेव्हा बाकीची मुलं लिहून घेत होती. मला लिहायची गरज पडली नाही, कारण मी पेणच्या खारेपाटातली आहे.

आमचं गाव खाडीच्या पातळीखाली आहे. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि त्या बांधावर सगळ्या गावाचं पोट. खेकडे बांधाला बिळं पाडतात. उधाणाच्या भरतीला त्या बिळातून पाणी आत येतं, बीळ मोठं होतं आणि बघता बघता बांध फुटतो. आमच्याकडे त्याला खांड गेली म्हणतात. एकदा खांड गेली आणि खारं पाणी आत आलं की ती जमीन तीन वर्षं पिकत नाही. म्हणून उधाणाच्या दिवसांत कोणीतरी बांधावर फिरत असतं. माझे बाबा फिरायचे. पाणी आत येताना दिसलं की हाक द्यायची, आणि हाक ऐकली की ज्याच्या हाताला जे लागेल ते, फावडं, घमेलं, पेंढ्याचा भारा, ते घेऊन धावायचं.

मी सात-आठ वर्षांची असेन. श्रावणातली भर दुपार. शेजारची काकी बांधावरून येत होती. तिला शेतात चकाकणारं पाणी दिसलं आणि तिने हाक दिली. अख्खा गाव धावला. आई पिठाच्या हातांनी धावली. जाऊन बघतात तर ते नुसतं पावसाचं पाणी, बांध ठणठणीत. मला वाटलं, आता काकीची काही खैर नाही. पण कोणी एक शब्द बोललं नाही. लोकांनी पाय धुतले, एकाने विडी पेटवली, सगळे घरी गेले. काकीच्या घरी त्या दिवशी सगळ्यांना चहा झाला एवढंच.

मी बाबांना विचारलं, तिला कोणी ओरडलं कसं नाही?

"हाक देनाऱ्याला आपल्यात कोन बोलत नाय," बाबा म्हणाले. "आज तिला बोललो तर उंद्या ती हाक देताना इचार करंल. ती इचार करंल तवर खांड जाईल."

हे वाक्य मी पुढे मोठमोठ्या साहेबांना ऐकवलं आहे. माझं म्हणून ऐकवलं आहे, हेही कबूल करते.

आता तो दिवस. पावसाळा होता. माझी सकाळची पाळी. डोंगराळ भागातल्या एका छोट्या विमानतळावर जाऊन परत आलेलं विमान उभं होतं आणि चाळीस मिनिटांत ते पुन्हा निघायचं होतं. विमानात एक नोंदवही असते. वैमानिकाला काही बिघाड दिसला की तो त्यात लिहितो, आणि त्याच्याखाली आम्ही काय केलं ते लिहून सही करतो. वर तक्रार, खाली उत्तर. उत्तराची सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. त्या दिवशी वहीत लिहिलं होतं: उतरताना जमिनीचा खोटा इशारा, तीन वेळा.

लिहिणारा कॅप्टन मोठा माणूस होता. इतर वैमानिकांना शिकवायचा. आवाज भारदस्त, बूट कायम चकचकीत. मी पायऱ्यांशी उभी होते. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "ती पेटी वेड लागल्यासारखी ओरडत होती. बघून घ्या." आणि गेला.

त्या विमानाशी माझा संबंध आदल्या दिवशीही आला होता. उंची मोजणाऱ्या यंत्राची एक केबल मी बदलली होती, तपासली होती, सही केली होती. काम चोख होतं. तरी मला घाई होती आणि मी तेच केलं जे आमच्या धंद्यात सगळे करतात. इशाऱ्याची तक्रार आली की कारण शोधत बसायला वेळ नसतो. स्टोअरमधून नवी पेटी आणायची, जुनी काढायची, नवी बसवायची, बटण दाबून ती बोलते का ते बघायचं. जुनी पेटी दुरुस्तीला जाते आणि तिच्यात खरंच काही बिघडलं होतं का, ते दोन-तीन महिन्यांनी कळतं. तोवर कोणाच्या लक्षातही राहत नाही. मी वहीत लिहिलं: पेटी बदलली, चाचणी घेतली, ठीक. खाली माझी सही.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक ती. पेटी बदलली म्हणजे पेटी खराब होती, असा त्याचा अर्थ कोणीही काढणार. आणि ते मी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं.

त्या विमानातल्या एका प्रवाशाने तक्रार केली. खिडकीतून झाडं फार जवळ दिसली असं त्याचं म्हणणं होतं. मग कंपनीने चौकशी नेमली. तीन माणसं, आठवड्याभरात निकाल. मी विचारलं, विमानातल्या रेकॉर्डरची नोंद बघितलीत का? ते आमचं काम आहे, असं उत्तर मिळालं. कॅप्टनने सांगितलं की इशारा खोटा होता. माझ्या सहीने सांगितलं की पेटी बदलावी लागली. आदल्या दिवशी त्याच यंत्रणेला हात कोणी लावला होता? मी. मला पत्र मिळालं. त्यात पूर्ण वाक्य होतं: देखभाल करणाऱ्या अभियंत्याच्या निष्काळजीपणामुळे खोटे इशारे आले. विमानावरचं काम काढून घेतलं आणि मला स्टोअरमध्ये बसवलं.

स्टोअरमध्ये बसवलं ही मात्र त्यांची चूक झाली. कारण अडीच महिन्यांनी दुरुस्तीहून आलेल्या खोक्यांत ती पेटी आली, आणि खोकं उघडायला मीच होते. पेटीला चिठ्ठी बांधलेली होती. मी ती तिथेच उभ्याने चारदा वाचली. पेटीत दोष नाही. पेटीने स्वतःच्या आठवणीत तो प्रवास साठवून ठेवला होता, तोही त्यांनी वाचला होता: तिन्ही इशारे त्या वेळच्या उंचीला आणि वेगाला धरून, योग्य.

मी चिठ्ठीची झेरॉक्स काढली आणि साहेबांकडे गेले. त्यांनी वाचली, चष्मा काढला, पुसला. "विषय बंद झालाय," म्हणाले. "आता उकरून कोणाचं भलं होणार?" मी म्हटलं, माझं. ते हसले. पुढच्या महिन्यात मी राजीनामा दिला.

पेणला उतरले, मिनीडोर रिक्षा पकडली आणि गावी गेले. बाबा बांधावर होते, खेकड्याचं बीळ चिखलाने बुजवत. मी तिथेच सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हा माणूस तरी चिडेल. बाबांनी हातातला चिखल थापला, मग पायाने दाबला.

"हाक देनाऱ्याला कोन बोलत नाय गो," ते म्हणाले. "तुला बोलले म्हंजे तुज्या हातून काय तरी ऱ्हायलं आसंल."

त्यात राग नव्हता, मला सांभाळून घेत होते ते. हे त्याहून वाईट. जन्मभर ज्या माणसाने हाक देणाऱ्याला कोणी बोलताना पाहिलं नव्हतं, त्याला माझी गोष्ट खरी वाटणं शक्यच नव्हतं. मी झेरॉक्स काढून दाखवली, इंग्रजीचं मराठी करून वाचून दाखवली. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"कागदावं काय, कोन पन लिवतं," ते म्हणाले. "त्या मानसानं सोता सांगितलं का, का चूक माजी हाय?"

नाही सांगितलं.

"मंग."

नंतर पाच वर्षं बाबा होते. माझं लग्न झालं, धाटावची नोकरी लागली, वरशाला घर झालं. ते यायचे, नातवाला खांद्यावर घेऊन कुंडलिका नदीच्या काठी फिरवायचे. कंपनीत निघताना मला रोज एकच सांगायचे, "नीट बघून काम कर गो." दुसरा कोणी बाप हे सहज म्हणतो. माझ्या बापाच्या बोलण्यात ते पत्र असायचं. मी हो म्हणायचे आणि शिफ्टच्या बसमध्ये बसून त्या कॅप्टनला मनात शिव्या द्यायचे. धाटाव येईपर्यंत पुरतील एवढ्या शिव्या मला येतात. बाबा शेवटच्या आजारात असतानाही मी ठरवलं होतं की त्या माणसाला शोधून त्यांच्यासमोर आणून उभा करायचा. जमलं नाही. ते गेले.

बाबा गेल्यावर माझा राग कमी होईल असं नवऱ्याला वाटलं होतं. तो वाढला.

दर वर्षी कंपनीत सुरक्षा सप्ताह असतो. पोस्टर, शपथ, निबंध स्पर्धा आणि एक बाहेरचा पाहुणा. दोन वर्षांपूर्वी एचआरचा मुलगा माझ्याकडे तीन व्याख्यात्यांची यादी घेऊन आला. मॅडम, यातलं कोण बरं वाटतं? दुसरं नाव त्याचं होतं. निवृत्त कॅप्टन, विषय: संकटात डोकं शांत कसं ठेवावं. फोटोत केस पांढरे झाले होते, हसू तेच होतं.

मी त्या नावापुढे खूण केली आणि म्हटलं, "हे फार अनुभवी आहेत. यांनाच बोलवा."

पुढचे तीन आठवडे मी इतकी गोड वागले की नवरा घाबरला. व्यवस्था मी अंगावर घेतली. पाहुण्यांना कोणती खुर्ची, पाणी कुठे, माइक कोणता. वाटेत पेणला थांबून पोह्याचे पापड घ्या, असा निरोपही मीच पाठवला. घरी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीतली झेरॉक्स काढली. अक्षरं थोडी फिकट झाली होती, म्हणून तिची अजून एक झेरॉक्स काढली. भांडी घासताना मी भाषण पाठ करायचे. कॅप्टन, आपल्याला आठवतं का, अशी सुरुवात होती.

तो आला. बूट चकचकीतच होते. मी पुष्पगुच्छ दिला, त्याने "थँक यू मॅडम" म्हटलं आणि माझ्या चेहऱ्यावरून त्याची नजर तशीच पुढे गेली. अकरा वर्षं ज्याच्यासाठी मी दात धरून बसले होते, त्याने मला ओळखलंही नाही. तिथल्या तिथे माझा पारा अजून चढला.

कॅन्टीनच्या हॉलमध्ये दोनेकशे माणसं होती. सकाळची पाळी सुटलेली, दुपारची यायची. तो बोलला चांगलं, ते नाकारत नाही. आणि मग, मी ज्याची आशाही केली नव्हती, ते त्याने स्वतःहून सुरू केलं.

"आता तुम्हाला माझाच एक अनुभव सांगतो," तो म्हणाला. "यंत्र खोटं बोलतं तेव्हा माणसाने काय करावं."

डोंगरातला विमानतळ, पावसाळा, दाट ढग. पेटी ओरडायला लागली. शेजारचा तरुण वैमानिक घाबरला. "मी त्याला म्हटलं, शांत. यंत्राला काय कळतं? मला हा रस्ता पाठ आहे. ती ओरडत राहिली, मी उतरत राहिलो. ढगातून बाहेर आलो, खाली झाडं दिसली, जरासं वर घेतलं, धावपट्टी समोर आणि अलगद उतरलो. अनुभव म्हणजे हे. प्रत्येक घंटेला घाबरायचं नसतं."

पुढच्या रांगेत दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मला बसवेना. एक तर माझा राग, आणि दुसरं, या हॉलमधल्या माणसांच्या कंट्रोल रूममध्ये मी रोज बघते, आवाज बंद करायच्या बटणावरची अक्षरं झिजून गेली आहेत. त्यांना हा माणूस शिकवत होता की घंटेकडे दुर्लक्ष करायला अनुभव लागतो.

मी उठणार तेवढ्यात मागच्या बाजूने एक हात वर झाला. आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर, वर्षभरात रिटायर होणारा. तोही खारेपाटातलाच, आमच्या पलीकडच्या गावचा. सभेत तो कधी बोलत नाही.

"सायेब, येक इचारू? इशारा खोटा व्हता ना?"

"हो."

"मंग वर का घेतलंत?"

कॅप्टन म्हणाला, "म्हणजे, झाडं दिसली म्हणून."

"झाडं जवल आली व्हती म्हनून ना? पेटी पन त्येच सांगत व्हती."

अकरा वर्षांत कोणत्याही साहेबाने न विचारलेला प्रश्न त्या माणसाने जागेवरून न उठता विचारला होता. "आमच्यात आदी धावत्यात आनि मंग बगत्यात," तो म्हणाला आणि हात खाली घेतला.

कॅप्टन पाणी प्यायला. "हे बघा, त्याला पार्श्वभूमी होती," तो म्हणाला. "आदल्याच दिवशी एका मुलीने त्या यंत्राला हात लावला होता. नवशिकी. पुढे चौकशीत सिद्ध झालं, तिची चूक होती."

मी उभी राहिले. पाठ केलेलं भाषण एक शब्दही आठवलं नाही.

"ती मुलगी मी," मी म्हटलं.

मग पिशवीतून कागद काढला आणि वाचायला लागले. माझा आवाज चढला होता, एक ओळ मी दोनदा वाचली. पेटीत दोष नाही. तिन्ही इशारे योग्य. वाचून झाल्यावर मी स्टेजपर्यंत गेले आणि कागद त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा लावला. वाचायला त्याला फार वेळ लागला. दोनशे माणसं बघत होती, आणि तो वेळ माझ्या आयुष्यातल्या चांगल्या वेळांपैकी एक आहे. खोटं कशाला सांगू?

"हे मला कोणी दाखवलं नव्हतं," तो हळूच म्हणाला. माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं.

ते खरंही असेल. मला काही फरक पडत नाही. त्याने विचारलंही नव्हतं.

एचआरच्या मुलाने घाईघाईने आभार मानले आणि पाहुण्यांना प्लांट हेडच्या केबिनमध्ये नेलं. आमच्याकडे रीत अशी की पाहुण्याने जाण्यापूर्वी लाल कापडी बांधणीच्या अभिप्राय वहीत चार शब्द लिहायचे, मग शाल-श्रीफळ. शाल द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी शाल बाजूच्या खुर्चीवर ठेवली आणि वही त्याच्यापुढे उघडली. प्लांट हेड फोनवर बोलण्याचं नाटक करत होते. म्हातारा ऑपरेटर दाराशी उभा होता. त्याला मीच बोलावलं होतं.

कॅप्टनने लिहिलं, अतिशय सुंदर आयोजन. मी त्या ओळीवर हात ठेवला.

"हे नको," मी म्हटलं. "त्या दिवशी पेटी खरं सांगत होती, ते लिहा. आणि चूक कोणाची होती, ते लिहा."

"मॅडम, इतक्या वर्षांनी..."

"तुम्ही ज्या ज्या कंपनीत बोलायला जाता, त्यांची यादी आमच्याकडे आहे. एचआरला तुम्हीच पाठवलीत. प्रत्येक ठिकाणी या कागदाची झेरॉक्स जाईल."

ही धमकी होती. हो. मी तिचाही सराव केला होता.

त्याने प्लांट हेडकडे पाहिलं. त्यांनी पाठ फिरवली. मग त्याने पेन उचललं आणि इंग्रजीत सुरुवात केली.

"मराठीत," मी म्हटलं.

का ते मी त्याला सांगितलं नाही. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. मराठी ते बोट ठेवून वाचायचे, सावकाश.

त्याने खोडलं आणि मराठीत लिहिलं: पेटी खरे सांगत होती. तिथे थांबला. "एवढं पुरेसं नाही का?" त्याच्या आवाजातला तो भारदस्तपणा गेला होता. समोर एक म्हातारा माणूस बसला होता, पापडाची पिशवी पायाशी ठेवून. दुसरी कोणी असती तर तिला दया आली असती.

"नाही," मी म्हटलं. "मला जे पत्र दिलं त्यात वाक्य पूर्ण होतं."

त्याने लिहिलं: चूक माझी होती, देखभाल करणाऱ्या मुलीची नव्हती. खाली सही केली. अगदी विमानाच्या नोंदवहीत होती तीच सही, पहिलं अक्षर मोठं आणि शेवटी लांब रेघ. ऑपरेटरने दारातूनच मान लांब करून वाचलं. कॅप्टनने पेनला टोपण लावलं, वही माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, "झालं तुमचं समाधान?"

मी वही वाचली आणि परत त्याच्याकडे सरकवली.

"तारीख राहिली."

"त्या दिवसाची घालू?" तो म्हणाला. आता तो काहीही लिहायला तयार होता.

"आजचीच घाला," मी म्हटलं. "उशीर किती झाला तेही दिसू दे."

त्याने तारीख घातली. बाबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.